गोदूबाईंचा होकार

 मागच्या दोन भागांत आपण विधवा बायकांच्या जमिनीच्या हक्काबद्दल बोललो. ते भाग ऐकून तीन-चार गटांतून एकच प्रश्न आला. नवरा गेल्यावर, किंवा बायको गेल्यावर, माणसानं पुन्हा संसार मांडायचा ठरवला, तर घरच्यांना इतका राग का येतो? पहिल्या माणसाचं दुःख अजून घरात असतं. मुलं लहान असतात. सासरचे म्हणतात, आमचा मुलगा विसरलीस. माहेरचे म्हणतात, आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. गाव तर काय, चार तोंडांनी बोलतंच. अशा वेळी त्या दोघांचं नवं नातं टिकायचं कसं?

यावर सल्ला देण्याऐवजी आज आम्ही एक जुनी, खरी गोष्ट सांगणार आहोत. सव्वाशे वर्षांहून जुनी, आपल्या कोकणातली आणि पुण्यातली. गोष्टीतल्या पुरुषाचं नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल: महर्षी धोंडो केशव कर्वे. बाईचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. ती गोदूबाई. लग्नानंतर आनंदीबाई, आणि घरात सगळ्यांची बाया.

पण त्यांच्याकडे जाण्याआधी, तेव्हा रीत काय होती ते बघू. म्हणजे त्या दोघांनी काय ओलांडलं ते कळेल.

आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात ‘पाट लावला’ असं येतं. कुठे त्याला मोहोतूर म्हणतात. महाराष्ट्रातल्या पुष्कळ कष्टकरी जातींमध्ये विधवेचा पाट लागत असे. म्हणजे विधवेनं पुन्हा लग्न करायचंच नाही, ही रीत काही सगळ्या समाजाची नव्हती. ती ब्राह्मणांची आणि त्यांच्यासारखं वागू पाहणाऱ्या वरच्या घराण्यांची होती. पण पाटालाही मान कुठे होता? पहिलं लग्न वाजतगाजत, दिवसाउजेडी. पाट बहुधा रात्रीचा, गुपचूप, सवाशिणींनी समोर यायचं नाही. पाटाची बायको लग्नाच्या बायकोपेक्षा खालची. पहिल्या नवऱ्याची मुलं बहुतेक वेळा त्याच्याच घरी राहायची. शिवाय एखाद्या घराकडे चार पैसे आले, पाटीलकी आली, की ते घर पहिली गोष्ट कोणती करायचं, तर पाट बंद! ‘आमच्यात पाट नाही’ हे मोठेपणाचं लक्षण झालं. मोठेपणा घराचा आणि किंमत बाईनं मोजायची, असा तो हिशोब.

ब्राह्मणांच्या घरात तर पाटही नव्हता. मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी. नवरा कितीही मोठा, कधी बिजवर, कधी तिजवर. तो मेला की त्या पोरीचं आयुष्य संपलं. केस काढायचे, एकवेळ जेवायचं, तांबडं आलवण नेसायचं, कुणाच्या शुभकार्यात समोर यायचं नाही आणि मरेपर्यंत घरात राबायचं. अशा तरुण विधवांवर घरातलीच माणसं हात टाकत आणि पोट दिसू लागलं की दोष तिचाच. म्हणून १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. तिथे विधवेनं यावं, सुखरूप बाळंत व्हावं, आणि मूल ठेवून गेली तरी चालेल. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं, तेही एका विधवेला झालेल्या शिक्षेवरून पेटूनच.

कायदा मात्र आधीच झाला होता. १८५६ साली इंग्रज सरकारनं विधवाविवाहाला कायद्याची मान्यता दिली. पण त्या कायद्यातच एक खोच होती. विधवेनं पुन्हा लग्न केलं, तर पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जायचा. ज्या जातींत पाटाची रीत आधीपासून होती, तिथल्या बायकांनाही मुंबईच्या उच्च न्यायालयानं हाच नियम लावला. म्हणजे लग्नाची मोकळीक मिळाली, पण जमीन सोडून. आता सांगा, दिराला यापेक्षा काय हवं?

कायदा झाला तरी ब्राह्मणांत विधवाविवाह काही होईनात. विष्णुशास्त्री पंडितांनी त्यासाठी मंडळी काढली. १८६९ साली मुंबईत एक विधवाविवाह गाजला. त्यात जे जे सामील झाले, त्यांच्यावर बहिष्कार आला. मग पुण्यात शास्त्र्यांची मोठी वादसभा भरली आणि तिथे विधवाविवाहाच्या बाजूचे लोक हरले असं ठरलं.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. न्यायमूर्ती रानडे हे विधवाविवाहाच्या चळवळीतले मोठे नाव. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. आता रानडे विधवेशी लग्न करतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांच्या वडिलांनाही तीच भीती वाटली. त्यांनी घाईनं मुलगी पाहिली, आणि काही आठवड्यांतच एकतीस वर्षांच्या रानड्यांचं लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लागलं. वडिलांचा शब्द मोडायचा नाही, म्हणून रानडे उभे राहिले. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकवलं, रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं, हे सगळं चांगलंच झालं. पण घरच्या माणसांच्या डोळ्यांतलं पाणी बघून मोठमोठ्यांचे पाय कसे लटपटतात, हे यातून कळतं. म्हणून तुमच्या गटातल्या एखादीचा धीर सुटला, तर तिला भित्री म्हणू नका, इतकंच आमचं म्हणणं.

आता येऊ या रत्नागिरी जिल्ह्यात.

दापोली तालुक्यात समुद्राकाठी मुरूड गाव आहे. धोंडोपंत कर्वे तिथले. जन्म १८५८ सालचा. घर साधं, पैशाची ओढगस्त. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांचं लग्न झालं. बायको राधाबाई, वय वर्षं आठ. धोंडोपंत शिकायला मुंबईला गेले, शिकवण्या करून पदवी मिळवली, मग राधाबाईंना मुंबईला आणलं. रघुनाथ हा मुलगा १८८२ सालीच झाला होता. मुंबईत धोंडोपंतांचे एक जिवलग मित्र होते, नरहरपंत जोशी. पैसे वाचवायला या दोघांनी बिऱ्हाड एकत्र केलं होतं.

नरहरपंत जोशी देवरुखचे. त्यांची बहीण गोदू. तिचंही लग्न आठव्या वर्षी झालं होतं, नातूंच्या घरात. लग्नाला थोडे महिने होतात न होतात तोच नवरा वारला. ज्याचा चेहराही नीट आठवत नाही अशा माणसाची ती विधवा झाली. मग वर्षानुवर्षं सासरी राबणं. गोठा, पाणी, रांधणं, उष्टी-खरकटी. कोकणातल्या घरात बाईला किती काम असतं ते आम्ही तुम्हाला काय सांगावं!

विशी उलटल्यावर भावानं तिला मुंबईला आणलं. तिथे १८८९ सालच्या ११ मार्चला पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडलं. ही मुलींची आणि विधवांची शाळा, राहण्या-जेवणाची सोय असलेली. त्या शाळेत आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे आपली गोदूबाई. पुढच्या वर्षी शारदा सदन पुण्याला गेलं, तशी गोदूबाईही पुण्याला गेली.

इकडे १८९१ साल उजाडलं ते धोंडोपंतांच्या घरावर घाला घेऊन. राधाबाई वारल्या. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या असतील. रघुनाथ नऊ वर्षांचा. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून धोंडोपंत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. नोकरी चांगली, वय तेहतीस, पदरी मुलगा. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे अशा माणसाच्या दाराशी दहा-बारा वर्षांच्या मुलींचे बाप रांग लावत. बायको मेली की पुरुषानं सुतक फिटल्यावर नवी आणायची, त्याला कुणी नावं ठेवत नसे. दुःख दोघांचं सारखंच. पण पुरुषाच्या दुःखाला मुदत होती आणि बाईच्या दुःखाला नव्हती.

धोंडोपंतांनी आलेल्या मुली नाकारल्या. लग्न करीन तर विधवेशीच, नाहीतर करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मी एकदा संसार केलेला माणूस. कोवळ्या पोरीच्या गळ्यात मी का पडू? ज्या बाईनं माझ्यासारखंच दुःख भोगलंय, तिच्याशी संसार करावा. हे त्यांनी मित्राचे वडील बाळकृष्णपंत जोशी यांच्याजवळ बोलून दाखवलं.

बाळकृष्णपंत जुन्या वळणाचे गृहस्थ. पण त्यांच्या घरात पोरींचं वैधव्य पाय पसरून बसलं होतं. गोदूबाईंची धाकटी बहीण कृष्णा, म्हणजे पुढच्या पार्वतीबाई आठवले, हिलाही विशीच्या सुमारास वैधव्य आलं, पदरात एक मुलगा. बाप रोज डोळ्यांसमोर हे बघत होता. त्यांनी नाही म्हटलं नाही.

आणि मग गोदूबाईंना विचारलं गेलं.

मैत्रिणींनो, इथे आपण जरा थांबू. आठव्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. विधवेचं जिणं तुला झेपेल का, हेही कुणी विचारलं नव्हतं. आता पहिल्यांदा तिच्या आयुष्याचा प्रश्न तिच्यासमोर आला. तिला माणूस अनोळखी नव्हता. त्याची बायको, त्याचा मुलगा, त्याच्या घरची रीत तिनं मुंबईच्या बिऱ्हाडात जवळून पाहिली होती. तिला हेही ठाऊक होतं की हो म्हटलं तर देवरुखचं दार आणि सासरचं दार बंद होऊ शकतं. ती हो म्हणाली.

याला प्रेम म्हणायचं का? सिनेमातलं नव्हे. एकमेकांना चिठ्ठ्या लिहिल्या, लपून भेटले, असं काही नाही. पण एकमेकांचं दुःख ठाऊक असणं, आणि त्या दुःखासकट ‘चल, बरोबर राहू’ म्हणणं, यालाही प्रेमाची सुरुवात म्हणता येईल. आपल्याकडे अशीच नाती जास्त असतात.

११ मार्च १८९३ रोजी पुण्यात वैदिक पद्धतीनं हे लग्न लागलं. शारदा सदनाची सुरुवात आणि हे लग्न, तारीख एकच. रात्रीच्या अंधारात, गुपचूप नव्हे. निमंत्रणं देऊन, चारचौघांत. गोदूबाईंचं नाव आनंदीबाई झालं.

आता कसोटी सुरू झाली.

धोंडोपंतांचं गावावर फार प्रेम. मुंबईत शिकवण्या करून पोट भरत असतानाच त्यांनी गावाच्या भल्यासाठी मुरूड फंड काढला होता. स्वतः पैसे घालायचे, इतरांकडून गोळा करायचे. ज्या गावासाठी हा फंड काढला, तेच गाव आता सभेला बसलं. ठरलं काय? कर्वे ज्या बैठकीत असतील तिथे कुणी बसायचं नाही. आणि त्यांच्या भावानं त्यांना घरात घेतलं, तर ते घरही वाळीत.

बघा, वाळीत टाकण्याची हत्यारं कशी चालतात. शिक्षा थेट धोंडोपंतांना कमीच. ते पुण्यात राहत होते, त्यांना पगार होता, मित्र होते. शिक्षा मागे राहिलेल्यांना. म्हातारी आई, थोरला भाऊ, बहीण. पाण्याला कुठे जायचं, भटजी येईल का, मुलींची लग्नं कशी व्हायची, मेल्यावर खांदा कोण देणार? म्हणजे गाव आईला सांगत होतं, तूच तुझ्या मुलाला दाराबाहेर ठेव. धोंडोपंत आणि आनंदीबाई मुरूडला गेले तेव्हा त्यांना घरच्यांच्या पंगतीला बसता आलं नाही. वेगळं राहायचं, वेगळं जेवायचं. आईनं पोटच्या पोराला पान वाढायचं नाही, बहिणीनं भावाशेजारी बसायचं नाही.

धोंडोपंत भावाशी भांडले नाहीत. आईवर रुसले नाहीत. घरच्यांना गावात दिवस काढायचे आहेत, हे त्यांनी मान्य केलं आणि आपल्यामुळे त्यांना त्रास होऊ नये म्हणून दूर राहणं सोसलं. जाणं-येणं मात्र तोडलं नाही. बारीक झालेला धागा त्यांनी तसाच धरून ठेवला. आमच्या मते हे शिकण्यासारखं आहे. घरचे आपल्याला दूर ठेवतात तेव्हा दर वेळी त्यांच्या मनात राग असतोच असं नाही. कधी कधी त्यांच्या मानेवर गावाचा हात असतो.

तरीही एक प्रश्न आम्हाला पडतो. धोंडोपंतांची आई निदान रडली, तिचा जीव तुटला, हे आपण सांगतो. त्या नव्या सुनेचं काय? ती सासूच्या दाराशी आली, तेव्हा तिला काय वाटलं असेल? पंक्तीबाहेर बसणं तिला नवं नव्हतं. विधवा म्हणून तिनं ते आयुष्यभर केलं होतं. पण आता ती सवाशीण होती, कपाळाला कुंकू होतं, आणि तरीही पंक्तीबाहेरच.

त्याच साली धोंडोपंतांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. पण एकेकट्या लग्नानं भागणार नाही, बायकांना शिक्षण हवं, पायावर उभं राहता यायला हवं, हे त्यांना लवकरच कळलं. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. विधवांसाठी शाळा आणि राहण्याची जागा. पुण्यात प्लेग आला, तेव्हा १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी जागा दिली होती. माळरानावर एक झोपडी. कॉलेजात दिवसभर शिकवून धोंडोपंत संध्याकाळी पायी हिंगण्याला जात, तिथल्या बायकांना शिकवत.

आता नवराबायकोच्या नात्याची खरी परीक्षा इथे आहे, आणि ती पुस्तकांतून सहसा सांगितली जात नाही.

आश्रमात राहायला आनंदीबाईंना मज्जाव होता. का? कारण ती पुनर्विवाह केलेली. आश्रमाला देणग्या देणारे, मुली पाठवणारे लोक जुन्या मताचे. त्यांना विधवेचं शिक्षण एक वेळ चालायचं, विधवेचं लग्न नाही. आनंदीबाई तिथे दिसल्या, तर लोक म्हणतील, इथे आमच्या पोरींची लग्नं लावतात, आणि पोरी काढून नेतील. म्हणून विधवांसाठी जन्म वाहिलेल्या माणसाच्या आश्रमात त्याच्याच बायकोला, जी स्वतः विधवा होती, कितीतरी वर्षं जागा नव्हती. नवरा हिंगण्याला, बायको पुण्यात. मुलं लहान. गावात प्लेग. पोरं आजारी पडली तरी उशापायथ्याशी एकटी तीच.

पैशाचंही तसंच. धोंडोपंत हाती येईल ते आश्रमात घालत. त्यांनी आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे करून टाकली. आता विचार करा. आठव्या वर्षी नवरा मेलेली बाई. नवरा मेल्यावर काय होतं ते तिच्याइतकं कुणाला कळणार? आणि दुसऱ्या नवऱ्यानं आपल्यामागे तिच्यासाठी ठेवलेला एकुलता आधार दान दिला. ती रागावली. का नाही रागावणार? इतिहासाच्या पुस्तकात त्या पॉलिसीच्या दानाचं कौतुक असतं. आम्ही बचत गटातल्या बायका आहोत. पाच हजाराचा तेव्हाचा भाव आम्हाला कळतो. म्हणून आम्ही त्या रागाचीही नोंद ठेवतो.

मग हे लग्न मोडलं का? नाही. ती भांडली, बोलली, आणि संसार चालवत राहिली. रघुनाथ वाढला. शंकर, दिनकर, भास्कर ही तिची मुलं झाली. मुलं शिकली. पुढे तिनं स्वतः आश्रमासाठी दारोदार फिरून वर्गणीही गोळा केली. ज्या संस्थेनं तिला आत घेतलं नव्हतं, तिच्यासाठी! आणि म्हातारपणी तिनं आपली हकिगत सांगून पुस्तक केलं. ‘माझे पुराण’ असं त्याचं नाव. १९४४ साली ते निघालं, आणि ते तयार करायला मदत केली तिच्या सुनेनं, कावेरीबाईंनी. सासूबाईंची कहाणी सुनेनं कागदावर आणली. नवऱ्याच्या मोठेपणापुढे न दबता, जे सोसलं ते त्यांनी त्यात स्वच्छ सांगितलं. आपल्या गटात वाचणाऱ्या बाया असतील तर तालुक्याच्या वाचनालयात हे पुस्तक मागून बघा.

घरातल्या इतरांचं काय झालं, तेही ऐका. धाकटी बहीण कृष्णा बहिणीच्या आणि मेव्हण्यांच्या आधारानं शिकली. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. तो तिचा निर्णय. ती पार्वतीबाई आठवले म्हणून हिंगण्याच्या आश्रमाचा खांब झाली. वर्गणी गोळा करायला तिनं मुलुख पालथा घातला. जवळजवळ पन्नाशीला टेकल्यावर ती इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला अमेरिकेपर्यंत गेली. केशवपन केलेल्या या बाईनं पुढे आपल्या विचारानं केस वाढवले. म्हणजे एका बहिणीनं लग्न केलं, दुसरीनं केलं नाही. दोघींनी आपल्या मनाप्रमाणे केलं, ही यातली महत्त्वाची गोष्ट. विधवेनं लग्न करावंच, असं आमचं म्हणणं नाही. तिला विचारा, एवढंच.

रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे, यांनी पुढे संततिनियमनाचं काम केलं. बाईचं शरीर, बाळंतपणं, याबद्दल उघड लिहिलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि समाजाचे जोडे खाल्ले. आईचा मृत्यू नवव्या वर्षी पाहिलेला तो मुलगा. दिनकरांची बायको म्हणजे इरावती कर्वे, मोठ्या विदुषी. धोंडोपंतांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. आनंदीबाई १९५० साली गेल्या. धोंडोपंतांना शंभरीत, १९५८ साली, भारतरत्न मिळालं, तेव्हा ते बघायला ती नव्हती.

आता ही गोष्ट आपल्या गावात आणून बसवू. काय बदललंय?

पहिलं, मालमत्ता. १८५६ च्या कायद्यातली ती खोच आज नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मिळकतीत बायकोला मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीनं वाटा आहे. वारसानं एकदा मिळालेला तो वाटा तिनं पुढे लग्न केलं म्हणून जात नाही. ‘लग्न केलंस तर जमिनीवर पाय ठेवू देणार नाही’ असं दीर म्हणाला, तर ते त्याचं म्हणणं आहे, कायद्याचं नव्हे. मात्र सातबाऱ्यावर वारस नोंद लगेच करून घ्या. दुःखाच्या दिवसांत हेच राहून जातं आणि पुढे भांडण होतं. पेन्शनचे आणि निराधार योजनांचे नियम वेगळे असतात, ते लग्नाआधी त्या त्या कार्यालयात विचारून घ्या. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत मदत मिळते.

दुसरं, वाळीत टाकणं. मुरूडच्या सभेनं जे केलं, ते आज महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा, आणि २०१७ पासून तो लागू आहे. जातपंचायत असो की गावकी, कुणाला समाजातून तोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तक्रार पोलिसात करता येते.

तिसरं, विधवेच्या अंगावरच्या रीती. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना या कामी पुढे यायला सांगितलं. मुरूडला गावाची सभा बसली होती, ती बाईविरुद्ध. हेरवाडला गावाची सभा बसली, ती बाईच्या बाजूनं. सभा तीच, फक्त ठराव कुणी मांडला आणि हात कुणी वर केले, यात फरक. ग्रामसभेत आपण जाऊन बसायचं ते यासाठी.

पण कायदा आणि ठराव उंबऱ्यापर्यंत येतात. घरातलं आपल्यालाच बघावं लागतं. नवरा गेलेल्या सुनेकडे कुणी चांगल्या मनानं विचारणा केली, तर सासूच्या पोटात तुटतं. तिचा मुलगा गेलेला असतो. नातवंडं जातील की काय, ही भीती असते. त्या म्हातारीला समजून घ्या. तिला सांगा, नातवंडांना तुझ्याकडे यायला कुणी अडवणार नाही. आणि तसंच वागा. नव्या माणसालाही सांगा, पहिल्याचा फोटो भिंतीवर राहील, त्याचं श्राद्ध मुलं करतील, यात तुझा अपमान नाही. आणि पैशाचं, जमिनीचं, मुलांच्या शिक्षणाचं बोलणं लग्नाआधी, चार माणसांसमोर, कागदावर करा. आनंदीबाईंना त्या पॉलिसीबद्दल आधी विचारलं असतं, तर तो राग इतकी वर्षं मनात राहिला नसता.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टींवर बोला. आपल्या गावात एकट्या राहिलेल्या बाया किती आहेत आणि हळदीकुंकवाला आपण त्यांना बोलावतो का? आपल्या गावाच्या ग्रामसभेत हेरवाडसारखा ठराव झाला आहे का, नसेल तर तो मांडायला कोण उभी राहील? आणि आपल्यापैकी कुणाच्या घरी असा प्रश्न आज उभा असेल, तर त्या बाईला अजून कुणी विचारलंय का, की बाई गं, तुझ्या मनात काय आहे?

काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट सांगू.